अश्वशर्यत व कॅसिनो व्यवसायाची लेखांकन धोरणे : एक चिकित्सा

प्रास्ताविक

वित्तीय पत्रके तयार करताना व्यवसायसंस्थेने स्वीकारलेली तत्त्वे व पद्धती म्हणजे तिची लेखांकन धोरणे होत. व्यापारी संस्थेत मालाच्या विक्रीची रक्कम हेच उत्पन्न, याविषयी फारसा वाद नसतो. पैजेच्या व्यवसायात मात्र ग्राहकांनी लावलेल्या रकमेचा मोठा भाग पुन्हा ग्राहकांकडेच जातो. त्यामुळे उत्पन्न कशास म्हणावे, हाच तेथे मूलभूत प्रश्न ठरतो. अमेरिकेच्या केंटकी राज्यातील चर्चिल डाउन्स ही कंपनी अश्वशर्यती व कॅसिनो असे दोन्ही व्यवसाय चालवते. १८७५ पासून भरणारी केंटकी डर्बी ही तिची सर्वांत प्रसिद्ध शर्यत आहे. प्रस्तुत लेखात या कंपनीच्या धोरणांची चिकित्सा केली आहे.

उत्पन्नाची मान्यता

शर्यतींवरील पॅरी-म्युच्युअल पद्धतीत, म्हणजे आपल्याकडील ‘टोट’मध्ये, सर्व पैजा एकत्र केल्या जातात. त्यातून ठरलेली वजावट काढून उर्वरित रक्कम विजेत्यांत वाटली जाते. कोणताही घोडा जिंकला तरी त्याची जोखीम कंपनीवर नसते. म्हणून ती केवळ आपले कमिशन उत्पन्नात धरते. कॅसिनोत खेळाडूंची बाजी थेट कंपनीविरुद्ध असते. तेथे कंपनीने जिंकलेल्या व हरलेल्या रकमांतील फरक उत्पन्न ठरतो. ग्राहकांच्या हाती शिल्लक असलेल्या चिप्स ही कंपनीची देयता असते. वाढत्या जॅकपॉटसाठी खेळागणिक जमणाऱ्या रकमेचीही तरतूद केली जाते. अमेरिकेत २०१८ पासून लागू झालेल्या महसूल-मानकानुसार निष्ठावंत ग्राहकांना दिलेल्या गुणांचे मूल्य उत्पन्नातून वेगळे काढून पुढे ढकलले जाते.

डर्बीच्या तिकिटांची आगाऊ रक्कमही शर्यत होईपर्यंत देयताच राहते. २०२० मध्ये महामारीमुळे मे महिन्यातील ही शर्यत ५ सप्टेंबर रोजी प्रेक्षकांविना झाली. साहजिकच डर्बीचे उत्पन्न दुसऱ्या तिमाहीऐवजी तिसऱ्या तिमाहीत आले. पैसा हाती येणे आणि उत्पन्न कमावणे या दोन भिन्न घटना आहेत, हे तत्त्व येथे कसोटीला उतरले.

धोरणांची मर्यादा

या धोरणांची तांत्रिक बाजू भक्कम आहे; उणीव आहे ती प्रकटीकरणात. पहिली बाब वर्गीकरणाची. केंटकीत जुन्या शर्यतींच्या निकालांवर चालणारी यंत्रे दिसायला व खेळायला कॅसिनोतील स्लॉट-यंत्रांसारखीच आहेत, तरी त्यांचे उत्पन्न पॅरी-म्युच्युअल म्हणून नोंदवले जाते. अशा एका प्रणालीतील पैज पॅरी-म्युच्युअल नाही, असा निर्णय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये दिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये विधिमंडळाने व्याख्याच बदलली. म्हणजे व्यवहाराचे स्वरूप तेच राहूनही त्याची ओळख कायद्याच्या शब्दांवर अवलंबून राहिली. ‘रूपापेक्षा आशय श्रेष्ठ’ या तत्त्वाशी हे सुसंगत म्हणता येत नाही.

दुसरी बाब अमूर्त मालमत्तेची. जुगार चालवण्याचे हक्क अनिश्चित आयुर्मानाचे मानले जातात; त्यांचे क्रमशः अपलेखन न करता दरवर्षी मूल्यऱ्हासाची चाचणी घेतली जाते. शासनाने दिलेला परवाना नेहमीच नूतनीकृत होईल, हे गृहीतक त्यामागे आहे. वरील न्यायनिर्णय पाहता ते निःशंकपणे स्वीकारणे कठीण आहे.

तिसरी व महत्त्वाची बाब म्हणजे लोकांनी लावलेली एकूण रक्कम नफा-तोटा पत्रकाच्या दर्शनी भागावर येतच नाही. भागधारकाला निव्वळ आकडा पुरेसा असतो. समाजाला व शासनाला मात्र उलाढालीची व्याप्तीही कळावयास हवी.

भारतीय संदर्भ

हा प्रश्न आपल्याकडेही केवळ तात्त्विक राहिलेला नाही. मुंबई-पुण्याच्या शर्यती रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब भरवतो, तर गोव्यात कॅसिनो कंपन्या आहेत. वस्तू व सेवा कराच्या नियमांनुसार शर्यतीत पैजेच्या संपूर्ण दर्शनी मूल्यावर आणि कॅसिनोत चिप्स घेताना भरलेल्या रकमेवर कर आकारला जातो. ऑक्टोबर २०२३ मधील दुरुस्तीनंतर त्याचा दर २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. समजा, १,००० रुपयांच्या पैजांतून १५० रुपयांची वजावट होते. लेखांकनानुसार उत्पन्न जास्तीत जास्त १५० रुपये; कर मात्र ४०० रुपये. एकाच व्यवहाराकडे लेखापाल निव्वळ दृष्टीने आणि करकायदा ढोबळ दृष्टीने पाहतो. कर पैज लावणाऱ्याने सोसला काय किंवा क्लबने सोसला काय, निव्वळ आकड्यावरून त्याचा भार उमगत नाही.

समारोप

निव्वळ उत्पन्नाची पद्धत सोडून देण्याचे कारण नाही, कारण ग्राहकांना परत जाणारी रक्कम संस्थेची नव्हेच. तथापि एकूण पैजा, विजेत्यांना परत केलेली रक्कम, कर व उरलेले उत्पन्न हे चार आकडे एका तक्त्यात दर्शनी भागावर देणे बंधनकारक करावे. तसे झाल्यास करधोरणाची चर्चा अंदाजाऐवजी आकड्यांवर होऊ शकेल. वाणिज्य शाखेच्या अध्यापकांनाही महसूल-मान्यता शिकवताना हा तक्ता उपयुक्त ठरेल.