मित्रांच्या थट्टेतील भाषा

पालखी निघण्यापूर्वी देवळाच्या अग्रशाळेत तास-दीड तास जी मंडळी बसलेली असतात, त्यांचे बोलणे कोणी टिपून ठेवीत नाही. यंदा नारळाला काय भाव आला, कालच्या सामन्यात कोणी झेल सोडला, कोणाच्या मुलाने कसली कर्कश गाणी लावून शेजाऱ्यांची झोप उडविली, असे ते बोलणे चालते. विषय क्षणाक्षणाला बदलतात आणि प्रत्येक विषयात कोणाची तरी खोडी काढलेली असते. कोकणीत यालाच फकाणां म्हणतात. मराठीत कोणी टवाळकी म्हणेल, कोणी चेष्टामस्करी. साहित्यविचारात या बोलण्याला आजवर मानाचे पान मिळालेले नाही. तथापि भाषेची नाडी पाहावयाची असेल तर बोट येथेच ठेवले पाहिजे, असे आम्हांस वाटू लागले आहे. वेल्समधील काही ध्वनिमुद्रिका ऐकताना हा विचार आमच्या मनात पक्का झाला. त्यांचा परिचय वाचकांस करून द्यावा, एवढाच या लेखाचा हेतू.

वेल्स हा ब्रिटनच्या पश्चिमेकडील डोंगराळ प्रदेश. इंग्रजीहून सर्वस्वी निराळी अशी त्याची स्वतःची भाषा आहे. १९०१ च्या शिरगणतीत तेथील जवळजवळ निम्मे लोक वेल्श बोलत होते. १९६१ मध्ये हे प्रमाण सुमारे २६ टक्क्यांवर आले. १९६२ च्या फेब्रुवारीत सॉन्डर्स लुइस या नाटककाराने आकाशवाणीवरून ‘भाषेचे भवितव्य’ या विषयावर भाषण केले. हीच गती राहिली तर एकविसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत वेल्श ही जिवंत भाषा म्हणून उरणार नाही, असा इशारा त्याने दिला. त्या भाषणातून चळवळ उभी राहिली, कायदे झाले आणि १९८२ मध्ये वेल्श दूरचित्रवाणीही आली. परंतु मित्रमित्र एकत्र बसून कोणत्या भाषेत एकमेकांची फिरकी घेतात, याचा निवाडा कोणत्याही कायद्याने होत नाही.

त्या देशात मित्रांच्या गप्पांचा पहिला विषय रग्बी. दोन बाजूंस पंधरा-पंधरा गडी, अंड्याच्या आकाराचा चेंडू, तो हाताने फेकावयाचा तर मागेच फेकावयाचा आणि धावावयाचे मात्र पुढे, असा हा धसमुसळा खेळ आहे. इंग्लंडात तो मोठ्या घरच्या मुलांच्या शाळांतून वाढला. वेल्सच्या दक्षिणेकडील खोऱ्यांत तो कोळशाच्या खाणीतील मजुरांनी आपलासा केला. १९०५ च्या डिसेंबरात न्यूझीलंडचा संघ कार्डिफ येथे आला. पाहुण्यांनी आपले ‘हाका’ नावाचे आवेशपूर्ण नृत्य केले, तेव्हा वेल्सच्या खेळाडूंनी उत्तरादाखल आपले राष्ट्रगीत आरंभिले आणि सारे प्रेक्षक त्यात सामील झाले. वेल्सने तो सामना ३-० असा जिंकला. रविवारी प्रार्थनामंदिरात समूहगायन करून ज्यांचे गळे तयार झाले होते, तेच लोक शनिवारी मैदानावर गात. भजनी मंडळातील आवाज जत्रेच्या गर्दीतही ज्यांना ओळखू येतो, त्या आमच्या वाचकांस यात नवल वाटणार नाही.

या वातावरणाचे पहिले यशस्वी ध्वनिचित्र मॅक्स बॉइस याने काढले. हा ग्लिन-नीथ गावचा. त्याच्या जन्मापूर्वीच त्याचा पिता खाणीतील स्फोटात मृत्यू पावला आणि पुढे तो स्वतःही खाणीत कामाला लागला. १९७३ च्या नोव्हेंबरात रॉन्डा खोऱ्यातील ट्रेऑर्की येथील रग्बी क्लबात जमलेल्या मंडळींसमोर त्याने गाणी आणि किस्से सांगितले, आणि त्यांचीच ध्वनिमुद्रिका झाली. श्रोत्यांचे हास्य आणि मधूनच उसळणारे सामुदायिक गायन त्या मुद्रणात स्पष्ट ऐकू येते. किंबहुना तेच तिचे वाद्यवृंद होय. १९७२ च्या ऑक्टोबरातील शेवटच्या मंगळवारी लानेली गावच्या संघाने बलाढ्य न्यूझीलंडला ९-३ असे हरविले होते. त्या विजयावरील कविता तीत आहे. रग्बीत ‘आउटसाइड हाफ’ या जागी खेळणारे उत्तम गडी वेल्समध्ये इतके कसे निपजतात, याचे गुपित म्हणून जमिनीखाली चालणाऱ्या एका कारखान्याची कल्पनाही तीत आहे. १९७५ च्या त्याच्या ध्वनिमुद्रिकेचे नाव ‘आम्हां सर्वांजवळ डॉक्टरची चिठ्ठी होती’ अशा अर्थाचे आहे. आजारपणाचे निमित्त काढून सामन्याला पळणाऱ्या मजुरांची सारी लबाडी त्या एका नावात आली. ही विनोदी मुद्रिका ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली.

बॉइसचा गुण असा की तो आपल्या माणसांना वरून पाहून हसत नाही. खाणी बंद पडण्याचे दुःख आणि सामन्याचा उन्माद ही दोन्ही तो एकाच सुरात सांगतो, कारण श्रोत्यांच्या जीवनात ती एकाच घरात नांदत होती. दोषही सांगितला पाहिजे. त्याच्या मैफलीत स्त्रिया फारशा दिसत नाहीत, आणि इंग्रजांवरील कोट्या पुनःपुन्हा ऐकल्या म्हणजे त्यांची धार बोथट होते. परंतु आमच्या दृष्टीने अधिक विचारणीय गोष्ट वेगळीच आहे. या साऱ्या गप्पा मुख्यतः इंग्रजीत आहेत. वेल्श उरली आहे ती उद्गारापुरती. खाणींविषयीच्या त्या प्रसिद्ध गीताच्या नावात पहिला शब्द ‘दिऊ’ असा आहे आणि पुढील शब्द इंग्रजी आहेत. ‘दिऊ’ म्हणजे देव. आपल्या ‘देव’ शब्दाचाच तो दूरचा भाऊबंद. घरातून भाषा निघून गेली तरी सुस्कारा टाकताना ओठांवर येणारे देवाचे नाव मागे राहते. हे ऐकताना श्रोते हसतात, आणि आम्हांस मात्र हसू येत नाही.

वेल्शमध्ये रग्बीविषयी गप्पा मारावयाच्या तर आधी शब्द हवेत. ही उणीव आइक डेव्हिस या शिक्षकाने ओळखली. आकाशवाणीवरील वेल्श समालोचनासाठी त्याने रग्बीची परिभाषा घडविली, आणि ती घडविताना कोशातील धूळ झटकीत न बसता लोकांच्या तोंडचे साधे शब्द उचलले. दक्षिण वेल्समध्ये ‘मास’ म्हणजे बाहेर, ‘मेउन’ म्हणजे आत. त्यावरून बाहेरचा गडी तो ‘मासुर’ आणि आतला तो ‘मेउनुर’. बॉइसच्या कारखान्यात इंग्रजी नावाने तयार होणारा खेळाडू हाच ‘मासुर’. आपल्याकडे बाळ ज. पंडित यांच्या मराठी क्रिकेट-समालोचनाने हेच कार्य केले. यष्टिरक्षक आणि धावफलक हे शब्द पोरासोरांच्या भांडणात खपू लागले, तेव्हाच ते खऱ्या अर्थाने मराठी झाले.

गप्पांचा दुसरा विषय गाणी. मोठ्या कंपन्यांच्या रुचीबाहेर वाढलेले जे रॉक संगीत ‘अल्टरनेटिव्ह’ या नावाने ओळखले जाते, त्याची एक ठसठशीत धारा वेल्श भाषेत आहे. १९८२ मध्ये कार्डिगन गावच्या शाळकरी मुलांनी ‘दातब्लगी’ हा वाद्यमेळ काढला. त्याचा कवी-गायक डेव्हिड आर. एडवर्ड्स (१९६४–२०२१) याने वेल्शमध्ये देशप्रेमाचे गोडवे गाण्याचे नाकारले. बेकारी, शाळामास्तरकी, कंटाळा आणि मातृभाषेच्या नावावर सुखाने जगणारा प्रतिष्ठित वर्ग, हे त्याचे विषय. १९९३ च्या ‘लिबर्टिनो’ या मुद्रिकेतील ‘कान इ गमरी’ या गीतात त्याने त्या वर्गाची अशी काही टर उडविली आहे की, ती बाहेरच्याने उडविली असती तर अपमान ठरला असता. घरच्याने उडविली म्हणून ती टीका ठरली. ज्या भाषेत स्वकीयांना नावे ठेवता येतात, ती भाषा अजून घरात राहते आहे असे समजावे.

या परंपरेतील सर्वांत परिपक्व कृती म्हणजे ‘सुपर फरी ॲनिमल्स’ या पाच मित्रांच्या वाद्यमेळाने २००० च्या मे महिन्यात प्रसिद्ध केलेली ‘मुंग’, म्हणजे आयाळ, ही संपूर्ण वेल्श मुद्रिका. आधी त्यांनी इंग्रजीत गाऊन नाव मिळविले होते, आणि त्याबद्दल काही भाषाभिमान्यांची बोलणीही खाल्ली होती. त्या अनुभवाचे पडसाद ‘परिघाचे सभासद होणे’ अशा अर्थाच्या गीतात उमटले आहेत. त्यांनी ही मुद्रिका स्वतःच काढली. ती ब्रिटनच्या यादीत ११ व्या क्रमांकापर्यंत गेली आणि तिच्या अभिनंदनाचा प्रस्ताव एका वेल्श सभासदाने ब्रिटिश लोकसभेत मांडला.

भाषांतर हाती घेऊन ही दहा गीते ऐकली तर प्रथम अपेक्षाभंग होतो. तीत घोषणा नाहीत. एका गीतात लहानपणीची एक शिक्षिका आहे. आपल्याला पाठीमागेही डोळे आहेत असा तिचा दावा असे. दुसऱ्याचे शीर्षक हवामानवृत्तातील ‘मधून मधून ऊन’ या शब्दांचे आहे, आणि ते वाईट दिवसांतील थोड्याशा सुखाविषयी बोलते. एकात ओस पडत चाललेली खेडी आहेत. एडवर्ड्सच्या ‘अ तेइमलाद’ म्हणजे ‘भावना’ या गीताचे पुनर्गायनही आहे. एका पिढीच्या टवाळाला दुसऱ्या पिढीच्या टवाळांनी केलेला तो नमस्कार होय. ग्रिफ ऱ्हीस याचा स्वर सर्वत्र खालच्या पट्टीत, शेजारी बसून बोलल्यासारखा लागतो. वेल्शचा कैवार घेण्यासाठी तो गात नाही. मित्राशी बोलावे तसा वेल्शमधून बोलतो. कोठे कोठे ही संथता रेंगाळते आणि उत्तरार्धातील दीर्घ गीते श्रोत्याच्या धीराची परीक्षा पाहतात, हे खरे. परंतु त्या संथपणातच तिचा आत्मविश्वास आहे. सॉन्डर्स लुइसने जी घटका भाषेच्या अंताची म्हणून सांगितली होती, नेमक्या त्या घटकेला पाच तरुण त्या भाषेत ऊनपावसाच्या गोष्टी करीत होते.

यावर कोणी विचारील, गाण्यांनी भाषा वाचली काय? आकडे तसे सांगत नाहीत. २००१ मध्ये वेल्श बोलणारे सुमारे २०.८ टक्के होते. २०२१ मध्ये ते १७.८ टक्के झाले. गाव ओस पडले, नोकरी दूर गेली, म्हणजे ध्वनिमुद्रिका काय करणार? तरीही आम्ही म्हणतो की, बॉइसच्या क्लबात भाषेचा केवळ उद्गार शिल्लक होता आणि ‘मुंग’मध्ये तिचा संसार आहे. संख्या थोडी असली तरी हा भेद मोठा आहे.

आता आमच्या घरचे. काही वर्षांपूर्वी आमच्या देवस्थानच्या उत्सवात चार तरुण सभामंडपाच्या पायरीवर बसून फुटबॉल आणि कसल्याशा नव्या गाण्यांविषयी हुज्जत घालीत होते. बोलणे निम्मे कोकणी, थोडे मराठी, बरेचसे इंग्रजी. आम्ही थांबून त्यांचा एक शब्द सुधारला. ते आदराने उठून उभे राहिले, “होय काका” म्हणाले आणि गप्प झाले. आम्ही पुढे गेल्यावर त्यांचे बोलणे पुन्हा सुरू झाले, ते सबंध इंग्रजीत. आम्ही शब्द शुद्ध केला आणि भाषा घालविली. आरतीत, कीर्तनात, अध्यक्षीय भाषणांत आमच्या दोन्ही भाषा सुरक्षित आहेत. तेथे त्यांना कोणी हात लावीत नाही. भय त्या पायरीवर आहे. तेथील अशुद्ध, भेसळीची, खोडकर बोली ऐकून पुढल्या खेपेस आम्ही शब्द सुधारणार नाही. जागा असेल तर शेजारी बसू, आणि सामन्यात कोणी झेल सोडला ते विचारू.