लाइक भरपूर, ऑर्डर कुठंय?

आज एका शोधनिबंधाची चिरफाड करायची आहे. विषय माझ्या प्रयोगशाळेतला नाही, पण तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरातला आहे. कुणाची वहिनी गोडा मसाला विकते, कुणाची मैत्रीण खणाच्या पर्स शिवते, आणि सगळ्यांना एकच सल्ला मिळतो: "इन्स्टावर टाक गं, चेहरा दाखव, लोकांना माणूस आवडतो." हा सल्ला देणारे कोर्सही विकले जातात. त्यामुळे प्रश्न साधा वाटला तरी त्यात खरे पैसे आणि खऱ्या दुपारी खर्च होत आहेत.

तर निबंध आहे योखेन हार्टमान, मार्क हाइटमान, क्रिस्टिना शांप आणि ओडेड नेत्झर यांचा. तो २०२१ साली 'जर्नल ऑफ मार्केटिंग रिसर्च'मध्ये आला. त्यांनी ट्विटर आणि इन्स्टाग्रामवरचे १८५ ब्रँडचे सुमारे अडीच लाख फोटो घेतले आणि संगणकाला शिकवून त्यांचे तीन गट पाडले. पहिला, नुसत्या वस्तूचा फोटो. दुसरा, माणसाचा चेहरा आणि वस्तू दोन्ही. तिसरा, हातात धरलेली वस्तू, पण धरणाऱ्याचा चेहरा दिसतच नाही. या तिसऱ्याला त्यांनी 'ब्रँड सेल्फी' असं नाव दिलं.

निष्कर्ष गमतीदार आहे. चेहरा असलेल्या फोटोंना लाइक आणि कमेंट जास्त. पण "मला पण हवंय" या अर्थाचे प्रतिसाद मात्र बिनचेहऱ्याच्या, हातात धरलेल्या वस्तूच्या फोटोंना जास्त. जाहिरातींत तपासलं तेव्हाही चेहऱ्यापेक्षा हातवाल्या फोटोवर लोकांनी जास्त क्लिक केलं. मग त्यांनी नियंत्रित प्रयोगही केला. त्यातून सुचणारं कारण असं: चेहरा दिसला की आपण त्या माणसाकडे बघतो. नुसता हात दिसला की तो आपलाच वाटतो, आणि ती वस्तू आपण वापरतोय असं चित्र डोक्यात येतं.

मला या निबंधातलं सगळ्यात मोलाचं काय वाटतं? लाइक हे विक्रीचं माप नाही, हे त्यांनी नुसतं म्हटलं नाही, मोजून दाखवलं. एकाच फोटोचं एक माप वर जातं आणि दुसरं जात नाही. ताप मोजायला वजनकाटा वापरण्यासारखंच हे. शिवाय निरीक्षण, जाहिराती आणि प्रयोग, अशा तीन वाटांनी ते एकाच दिशेला पोहोचले. विज्ञानात याला किंमत असते.

आता कुरकुर.

पहिली गोष्ट, अडीच लाखाला १८५ने भागा. ब्रँडमागे सरासरी साडेतेराशे फोटो येतात, आणि हे लोकांनी आपणहून टाकलेले फोटो आहेत! आपल्या मसालेवाल्या वहिनीला ग्राहकांनी काढलेले तेरा फोटो मिळाले तरी दिवाळी. म्हणजे हा अभ्यास मुळात लोकांना आधीच माहीत असलेल्या नावांचा आहे. तिथं "ही वस्तू माझ्या हातात कशी दिसेल" एवढाच प्रश्न उरतो. अनोळखी ब्रँडच्या बाबतीत त्याआधी दुसरा प्रश्न असतो: "पैसे पाठवले तर डबा येईल ना?" या प्रश्नाला हात उत्तर देत नाही, कदाचित चेहराच देतो. हे माझं अनुमान आहे, पण निबंधात ते खोडणारं काही नाही, कारण तो प्रश्न तिथं विचारलेलाच नाही.

दुसरी गोष्ट, "हवंय" लिहिणं आणि पैसे देणं यात बरंच अंतर आहे. भाव विचारून पुढे जाणारी गिऱ्हाइकं मंडईत रोज दिसतात.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. इन्स्टाग्रामने २०१६पासून फीड वेळेच्या क्रमाने दाखवणं सोडलं आणि लोकांना काय आवडेल याचा अंदाज बांधून क्रम लावायला सुरुवात केली. या अंदाजात लोकांचा प्रतिसाद मोजला जातो. मग जो फोटो विकतो त्याला लाइक कमी, आणि लाइक कमी म्हणून तो पोहोचतोच कमी जणांपर्यंत, असं होऊ शकतं. मोठा ब्रँड जाहिरातीचे पैसे भरून यातून सुटतो, छोटा अडकतो. या कात्रीबद्दल निबंधातून छोट्या विक्रेत्याच्या हाती काही लागत नाही.

आणि प्लॅटफॉर्म बदलला की नियमही बदलतो. यियी ली आणि यिंग शिए यांनी २०२०मध्ये विमान कंपन्या आणि एसयूव्ही गाड्यांच्या पोस्ट तपासल्या. चेहऱ्याचा फायदा ट्विटरवर दिसला, इन्स्टाग्रामवर नाही. दोन्हीकडे टिकली ती एकच गोष्ट: चांगल्या दर्जाचा, व्यावसायिक पद्धतीने काढलेला फोटो. तेव्हा "चेहरा दाखवा" किंवा "चेहरा लपवा" असं ठासून सांगणाऱ्या कुणालाही विचारा, कुठं? कुणासाठी? काय मोजून?

मग करायचं काय? स्वतः मोजायचं. दर रविवारी नाणं उडवा: छापा आला तर त्या आठवड्यात चेहऱ्याचे फोटो, काटा आला तर हाताचे. नाणं अशासाठी की आपण मनाने ठरवायला गेलो तर सणाच्या आठवड्यात नेमके आवडते फोटो टाकतो, आणि मग विक्री फोटोमुळे झाली की सणामुळे, हे कळत नाही. प्रत्येक ऑर्डरला "कुठं पाहिलंत?" विचारा आणि वहीत लिहा. लाइक लिहूच नका.

एक सावधगिरी. तीन-चार महिन्यांनी, दोन्हीकडचे आठवडे सारखे असताना, ४० ऑर्डरपैकी २२ एकीकडे आणि १८ दुसरीकडे आल्या तर नाचू नका. ४० वेळा नाणं उडवलं तरी एवढा फरक सहज पडतो. ३०-१० आला तर मात्र दखल घ्या. तरीही एखाद्या सणाच्या आठवड्याने आकडा फुगवलाय का, ते बघा.

निबंध वाईट नाही, उलट वाचावा असा आहे. फक्त तो ज्यांच्यावर बेतलाय त्यांच्याकडे मार्केटिंगचा अख्खा विभाग असतो, आणि तुमच्याकडे संध्याकाळचा एक तास. तो तास कशावर घालवायचा हे तुमच्या वहीवरून ठरवा. वही भरली की कमेंटमध्ये आकडे नक्की टाका, आपण मिळून बघू.