जहाल स्त्रीवादी लेखन आणि स्त्रीच्या लैंगिकतेचा विचार

1960च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत उदयाला आलेल्या जहाल स्त्रीवादाने, म्हणजे स्त्रियांच्या दुय्यमत्वाचे मूळ केवळ कायद्यात किंवा वेतनात न शोधता कुटुंब, विवाह आणि शरीरसंबंध यांत रुजलेल्या पुरुषसत्तेत शोधणाऱ्या विचारप्रवाहाने, स्त्रीची लैंगिकता राजकीय चिकित्सेच्या केंद्रस्थानी आणली. तोवर या विषयावर अधिकारवाणीने बोलत होते ते मुख्यतः डॉक्टर, मनोविश्लेषक आणि कादंबरीकार, आणि त्यांत पुरुषांचेच प्राबल्य होते.

मुलगी प्रौढ होते तेव्हा तिच्या कामसुखाचे केंद्र शिश्निकेकडून योनीकडे सरकते, असे फ्रॉइडने 1905 साली मांडले होते आणि ज्या स्त्रीच्या बाबतीत तसे घडत नाही ती अपरिपक्व किंवा थंड ठरवली जात होती. किन्सी यांच्या 1953च्या आणि मास्टर्स व जॉन्सन यांच्या 1966च्या अभ्यासांनी या मताचा शारीरिक आधार काढून घेतला होता, तरीही योनिजन्य कामपूर्तीच्या मिथकावर ॲन कोएट यांनी लिहिलेल्या निबंधाचे (1968, विस्तारित रूप 1970) मोल कमी होत नाही, कारण पुरावा समोर असूनही जुने मत कोणाच्या सोयीसाठी टिकून राहिले, हा शास्त्रज्ञांनी न विचारलेला प्रश्न त्यांनी विचारला. या धैर्यामागे जाणीवजागृतीच्या गटांची पद्धत होती. लहान गटात बसून स्त्रिया आपापले अनुभव मांडत, ते ताडून पाहत आणि जे एकटीचे वैगुण्य वाटत होते ते अनेकींच्या वाट्याला आलेले आहे हे ओळखून त्यातून राजकीय निष्कर्ष काढत. स्त्रीचा अनुभव हाच तज्ज्ञांविरुद्धचा पुरावा ठरवणे, ही या लेखनाची सर्वांत मोठी देणगी होय.

केट मिलेट यांनी 1970च्या ‘सेक्शुअल पॉलिटिक्स’मध्ये हीच चिकित्सा साहित्याकडे वळवली. लॉरेन्स, हेन्री मिलर आणि मेलर यांच्या कादंबऱ्यांतील शृंगारप्रसंग हे सत्तेचे प्रसंग आहेत, असे त्यांनी दाखवले. लॉरेन्सच्या बाबतीत त्यांचे वाचन काहीसे एकसुरी आहे. पण पुरुषांमधील संबंधांतही ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ या भूमिका कशा वाटल्या जातात हे झाँ जने यांच्या साहित्याच्या आधारे उलगडणारी पाने, लिंगभूमिका शरीराने ठरत नाहीत हे ज्या ताकदीने पटवून देतात, त्याला त्या काळातील समीक्षेत फारशी तोड नाही. एड्रिएन रिच यांनी 1980 साली याच्या पुढचे पाऊल टाकले आणि स्त्रीने पुरुषाकडेच आकृष्ट व्हावे ही नैसर्गिक बाब नसून समाजाने लादलेली सक्ती असू शकते, असे सुचवले.

या प्रवाहाचा गंभीर दोष वंशाच्या प्रश्नावर उघड झाला. बलात्काराकडे वासनेऐवजी सत्तेचे साधन म्हणून पाहणारा सुझन ब्राउनमिलर यांचा 1975चा ग्रंथ मौलिक होता. मात्र बलात्काराच्या खोट्या आरोपांवरून कृष्णवर्णीय पुरुषांच्या झालेल्या झुंडहत्यांचा इतिहास त्यात पुरेशा गांभीर्याने घेतलेला नाही, ही अँजेला डेव्हिस यांनी 1981 साली केलेली टीका आजही खोडता येत नाही.

त्यानंतर वाद पेटला तो पोर्नोग्राफीवर. अँड्रिया ड्वॉर्किन आणि कॅथरिन मॅकिनन यांनी पोर्नोग्राफी हे नागरी हक्कांचे उल्लंघन मानून पीडित स्त्रीला दावा लावता येईल असा स्थानिक कायदा रचला. मिनियापोलिसच्या महापौरांनी तो नाकारला आणि इंडियानापोलिसमध्ये मंजूर झालेला कायदा न्यायालयांनी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केला. दुसरीकडे 1982च्या बर्नार्ड महाविद्यालयातील परिषदेतून निघालेल्या ‘प्लेझर अँड डेंजर’ (1984) या संग्रहाने, स्त्रीच्या लैंगिकतेत धोका आहे तसे सुखही आहे आणि केवळ धोक्याविषयी बोलण्याने स्त्रीची इच्छा पुन्हा अदृश्य होते, असे बजावले. या संग्रहाचे हे म्हणणे अधिक दूरदर्शी होते. तरीही ड्वॉर्किन यांना संभोगद्वेष्ट्या म्हणून निकालात काढणे अन्यायाचे आहे, कारण त्यांचे ‘इंटरकोर्स’ (1987) हे टॉल्स्टॉयपासून सुरू होणारे कसदार साहित्यवाचन आहे, आणि 2019च्या निवडक लेखसंग्रहामुळे ते नव्याने वाचले जाऊ लागले आहे.

अमिया श्रीनिवासन यांच्या ‘द राइट टू सेक्स’ने (2021) संमतीच्या निकषापलीकडे जाऊन, कोण कोणाला हवेसे वाटते हेही सत्तेने घडवलेले असते का, हा जुना प्रश्न पुन्हा उभा केला आहे. विवेचनाचा रेखीवपणा त्यात कोएट यांच्यापेक्षा अधिक आहे. परंतु युक्तिवाद अनुभवावर घासून पाहणारे गट आज त्यामागे नाहीत.