१२ आठवड्यांपैकी २

फ्रेडरिक ब्रुक्स यांचे 'द मिथिकल मॅन-मंथ' हे पुस्तक १९७५ सालचे. आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमचे काम सांभाळताना जे हाल झाले, त्यांतून ते लिहिले गेले. विद्यार्थ्यांकडून सॉफ्टवेअरचे प्रकल्प करून घेणाऱ्या प्राध्यापकांनी ते वाचावेच, असे आम्हांला वाटते. पण डोळे झाकून नव्हे.

सर्वांत उपयोगी भाग म्हणजे वेळेची वाटणी. एक तृतीयांश वेळ आखणीला, एक षष्ठांश प्रत्यक्ष प्रोग्रॅम लिहायला आणि उरलेला निम्मा तपासणीला! म्हणजे १२ आठवड्यांच्या प्रकल्पात लेखन २ आठवडे, तपासणी ६. आपल्याकडे शेवटच्या रात्रीपर्यंत लेखनच चालते आणि पहिली तपासणी होते ती परीक्षकांसमोर. उशीर झाल्यावर माणसे वाढवूनही भागत नाही. चौघांत बोलण्याच्या जोड्या ६, तर आठांत २८ होतात.

खटकते ते निराळेच. शस्त्रक्रियेतल्याप्रमाणे एका कुशल माणसाभोवती बाकीचे मदतनीस असावेत, ही रचना ब्रुक्स उचलून धरतात. कंपनीत ती शोभेल. वर्गात मात्र एक जण शिकतो आणि तिघे अहवालाची बांधणी करून आणतात!

पहिला प्रयत्न टाकून द्यायचाच असे धरून चाला, हा सल्ला ब्रुक्स यांनी १९९५च्या आवृत्तीत मागे घेतला. थोडे थोडे वाढवत न्यावे, असे ते म्हणू लागले. शिकणाऱ्यांसाठी आम्हांला जुनाच सल्ला पटतो. अर्थात, फसलेल्या पहिल्या प्रयत्नालाही गुण ठेवल्याखेरीज तो कोणी करणार नाही.