निवृत्तिवेतनाचे अर्ज आणि कुळाचा शोध

अमेरिकन राज्यक्रांतीच्या युद्धात (१७७५–१७८३) लढलेल्या सैनिकांचे निवृत्तिवेतनाचे व जमीन-अनुदानाचे सुमारे ८०,००० अर्ज त्या देशाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जतन झालेले आहेत. १८०० साली युद्धखात्याच्या कचेरीला लागलेल्या आगीत त्यापूर्वीचे अर्ज जळाले. त्यामुळे जे उरले ते बव्हंशी वृद्धांनी दीर्घ काळानंतर स्मृतीतून सांगितलेले आहे. कुळाचा इतिहास शोधणारे अभ्यासक या कागदांना मोठ्या विश्वासाने प्रमाण मानतात. तो विश्वास कितपत सार्थ आहे, हे तपासणे अगत्याचे आहे.

हे कागद वंशावळीसाठी नव्हे, तर हक्क सिद्ध करण्यासाठी लिहिले गेले. म्हणून कायदा बदलला की माहितीचे स्वरूपही बदलते. १८१८ चा कायदा गरजू सैनिकांपुरता होता. १८२० पासून अर्जदाराला आपल्या मालमत्तेची यादी शपथेवर द्यावी लागे. साहजिकच त्या अर्जांत भांडीकुंडी, गुरेढोरे आणि पदरी असलेली माणसे आढळतात. १८३२ च्या कायद्याने गरिबीची अट काढून टाकली. तेथे जन्मस्थळ, जन्मवर्ष व वास्तव्याची ठिकाणे यांविषयी प्रश्न आहेत. घरातील माणसांची यादी मात्र नाही. १८३६ मध्ये विधवांचा हक्क व्यापक झाला आणि विवाहाचा पुरावा आवश्यक ठरला. त्यापायी कित्येकींनी घरच्या बायबलातील नोंदींची पाने फाडून अर्जाला जोडली. तेव्हा १८३२ च्या अर्जात पत्नीचा उल्लेख नाही, एवढ्यावरून अर्जदार अविवाहित होता असे अनुमान काढणे सर्वथा चूक होय. त्याला ते विचारलेच गेले नव्हते.

भाषेचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. अर्जदार बोले आणि बहुधा दुसराच कोणी लिही. नावाचे वर्णलेखन हे पुष्कळदा लिहिणाराच्या कानाचे असते, कुळाचे नव्हे. कायद्याची ठराविक वाक्येही सैनिकाच्या तोंडची नसतात. जॉन डॅन यांनी १९८० साली ‘द रेव्होल्यूशन रिमेम्बर्ड’ या ग्रंथात अशा निवडक जबान्या प्रसिद्ध करून सामान्य सैनिकाचा आवाज वाचकांपर्यंत पोहोचविला, हे कार्य मोलाचे आहे. तथापि निवडीत रसाळ निवेदनाला अग्रस्थान मिळते; कुळशोधकाला नीरस अर्जही तेवढ्याच बारकाईने वाचावा लागतो.

आणि फेटाळलेला अर्जही. जेहू ग्रँट हा ऱ्होड आयलंडमधील गुलाम १७७७ मध्ये मालकाकडून पळून सैन्यात गेला. सुमारे दहा महिन्यांनी मालकाने त्याला परत नेले. १८३२ च्या कायद्यान्वये त्याने केलेला अर्ज, पळालेल्या गुलामाची सेवा ग्राह्य नाही म्हणून नामंजूर झाला. १८३६ साली त्याने पुन्हा दाद मागितली. तीही व्यर्थ गेली. निवृत्तिवेतन मिळालेल्यांच्या यादीत त्याचे नाव शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागणार नाही. त्याचे आयुष्य उरले आहे ते नकाराच्या कागदांत. मंजूर झालेल्यांचाच माग काढणारी पद्धत शंभर वर्षांनंतर तोच निकाल पुन्हा देते, हा तिचा सर्वांत गंभीर दोष म्हटला पाहिजे.