टेलोमिअर, वजनकाटा आणि सातपुड्यातलं बाळ

लहानपणी वजन भराभर वाढलं की पेशी लवकर म्हाताऱ्या होतात, हे विधान हल्ली फार ऐकू येतं. आमचं भांडण त्याच्याशी आहे.

पुरावा दिला जातो टेलोमिअरचा. गुणसूत्राच्या टोकाला, बुटाच्या नाडीला असते ना, तशी ही टोपी. पेशीचं विभाजन झालं की ती थोडी आखूड होते. यावरच्या कामाला २००९ चं नोबेल मिळालं, ते काम पक्कं आहे. कच्चं आहे ते पुढचं. काही अभ्यासांत लठ्ठ मुलांचे टेलोमिअर आखूड सापडले, काहींत फरकच दिसला नाही. मोजमाप बहुधा रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर, पीसीआरने. त्यातून लांबी नाही, गुणोत्तर मिळतं. आणि गंमत बघा, टेलोमिअर सर्वांत वेगाने आखूड होतात ते आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत, कारण तेव्हा पेशी झपाट्याने वाढत असतात. मग वाढत्या बाळाला म्हातारं म्हणायचं?

दुसरा प्रश्न, वजन म्हणजे नक्की काय? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली नवजात बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडात साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. मार बसला होता स्नायूंना. काट्यावर हडकुळं, आतून चरबीचं. काट्याला हे कळत नाही.

हे घेऊन आता नंदुरबारला चला, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की बाळ तीव्र कुपोषित. अंगणवाडीताई आणि आई दोघी काट्याकडे डोळे लावून असतात. शंभर ग्रॅम वाढले तरी हायसं वाटतं. तिथे ‘वजनवाढ धोक्याची’ कोण सांगणार? सांगूच नये, असं आमचं स्पष्ट मत.

धोका खोटा आहे असं मात्र आम्ही म्हणत नाही. उंची खुंटलेली राहून नुसती चरबी चढली, तर पुढे मधुमेहाची भीती असतेच. म्हणून डाळ-अंडी आणि बिस्किटाचा पुडा यांनी वाढलेले शंभर ग्रॅम आम्ही सारखे धरत नाही. टेलोमिअर मोजायचेच असतील तर त्याच मुलाचे दोनदा मोजा, आणि मधल्या काळात उंची किती वाढली तेही शेजारी लिहा.