वाचनमंडळ आणि मित्रांची भीड

वाङ्मयाच्या इतिहासांत संस्थांचीं नांवें मोठ्या अक्षरांत लिहिलीं जातात आणि मित्रमंडळांचीं तळटीपांत राहतात. परंतु वाचकांची अभिरुचि घडविण्याचें काम या दोहोंपैकीं कोणीं अधिक केलें, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. या दृष्टीनें १९२३ हें वर्ष पाहण्यासारखें आहे. त्या वर्षीं जानेवारींत अमरावतीस विदर्भ साहित्य संघाची स्थापना झाली. आणि त्याच वर्षीं पुण्यास, रविवारच्या चहाच्या निमित्तानें जमणाऱ्या कांहीं कविमित्रांच्या ‘सन-टी क्लब’चें ‘रविकिरण मंडळ’ झालें. पहिली नियमावली आणि पदाधिकारी असलेली संस्था. दुसरा चहाच्या पेल्यांभोवतीं बसलेला स्नेह्यांचा मेळा. पहिलीची शताब्दी आपण पाहिली; दुसरा कालांतरानें विरून गेला. तथापि कविता ही चारचौघांत म्हणून दाखवावयाची व चारचौघांनीं ऐकावयाची वस्तु आहे, ही गोडी महाराष्ट्रास लावण्याचें श्रेय बव्हंशीं या दुसऱ्या मेळ्यासच दिलें जातें. मित्रांनीं एकत्र बसून वाचणें ही गोष्ट क्षुल्लक मानण्याचें कारण नाहीं, इतकें यावरून सिद्ध होतें.

हें स्मरण होण्यास निमित्त असें कीं, नागपूरच्या दक्षिणेस बेसा येथें राहणाऱ्या कांहीं मित्रांचा ‘ऑनलाइन’ वाचनमंडळ काढण्याचा मनोदय असून त्यावर आमचें मत विचारण्यांत आलें आहे. महिन्यास एक पुस्तक वाचावयाचें, एका ठरलेल्या रात्रीं आपापल्या घरूनच मोबाईलच्या अथवा संगणकाच्या पडद्यावर जमावयाचें आणि त्या पुस्तकाची चर्चा करावयाची, अशी योजना आहे. २०२० च्या टाळेबंदीनंतर अशीं मंडळें ठिकठिकाणीं निघालीं. कांहीं टिकलीं, कांहीं मिटलीं. तेव्हां कल्पना नवी नाहीं. पण ती चांगली कीं वाईट, आणि चांगली असल्यास कोणत्या अटीवर, याचा विचार मात्र झाला पाहिजे.

प्रथम एक शंका सहजच निघते. माणसें शेजारीं राहत असतां पडदा कशाला? एखाद्याच्या दिवाणखान्यांत सतरंजी घालून बसावें, हें अधिक बरें नव्हे काय? बेसा पाहिलेला मनुष्य ही शंका फार ताणणार नाहीं. कालपर्यंत जेथें शेतें होतीं, तेथें आज बहुमजली इमारतींच्या रांगा उभ्या आहेत. कोणी यवतमाळहून आला, कोणी वर्ध्याहून, कोणी चंद्रपुराहून. शेजाऱ्याच्या दाराचा क्रमांक ठाऊक असतो, पण त्याच्या कपाटांत कोणतीं पुस्तकें आहेत हें ठाऊक नसतें. ज्यांच्या कपाटांतील पुस्तकें ठाऊक आहेत असे शाळा-कॉलेजांतील जुने मित्र पुण्यास, हैदराबादेस अथवा अमेरिकेंत पांगलेले असतात. नागपुरास रविवारीं रात्रीं ९ वाजतात, तेव्हां न्यूयॉर्कमध्यें उन्हाळ्यांत सकाळचे ११-३० व हिवाळ्यांत १०-३० झालेले असतात. दोन्हीकडे सोयीची अशी वेळ निघूं शकते. सतरंजी कितीही लांब केली तरी ती इतकी पोंचत नाहीं. सारांश, ऑनलाइन बैठक ही पांगलेल्या मैत्रीची गरज आहे.

दुसरी शंका यापेक्षां गंभीर आहे. वाचन हें एकट्याचें सुख. तें मंडळाच्या चव्हाट्यावर कां आणावें? वाचनमंडळ ही परक्यांची हौस आहे, असेंही कोणी म्हणतील. अशांस आम्ही आपल्याच घरांतील चातुर्मासाची आठवण करून देऊं इच्छितों. एकानें पोथी वाचावी, भोंवतालच्यांनीं ऐकावी, मधून निरूपण व्हावें, ही रीत आपल्याकडे छापखान्याच्या कितीतरी पूर्वींची आहे. किंबहुना पुस्तक घेऊन कोपऱ्यांत एकट्यानें, ओठ न हालवितां वाचणें हीच आपल्याकडील अलीकडची संवय होय. मात्र पोथीच्या वाचनांत श्रोत्यास एक मुभा नव्हती: ग्रंथाशीं मतभेद दाखविण्याची. तेथें श्रद्धा हाच अधिकार होता, आणि धर्मग्रंथाच्या बाबतींत तें योग्यही असेल. परंतु कादंबरी, नाटक अथवा आत्मचरित्र वाचतांना ही मुभा नसेल तर चर्चेस अर्थच उरत नाहीं. पोथीचें श्रवण आणि शास्त्रार्थांतला पूर्वपक्ष, या दोहोंचा संयोग ज्या मंडळास साधेल तेंच खरें वाचनमंडळ.

आमच्या मतें सारा प्रश्न येथें येऊन ठेपतो. अशा मंडळाचा खरा शत्रु आळस नव्हे, वेळेचा अभावही नव्हे. तो शत्रु म्हणजे मित्रांची भीड. ‘भीड भिकेची बहीण’ अशी आपल्याकडे म्हणच आहे. मित्रानें सुचविलेलें पुस्तक आपणांस नीरस वाटलें, तरी आपण ‘छान आहे’ म्हणतों. त्यानें केलेली प्रशंसा आपणांस पोकळ वाटली, तरी मान हालवितों. रविकिरण मंडळावरही परस्परस्तुतीचा आक्षेप येत असे. आणि १९२५ सालीं ‘झेंडूचीं फुलें’ घेऊन आलेल्या केशवकुमारांनीं, म्हणजे प्रल्हाद केशव अत्रे यांनीं, त्या काळच्या कवींची, आणि त्यांत या मंडळाची, विडंबनानें जी रेवडी उडविली ती सर्वश्रुत आहे. जें काम आंतल्या मित्रांनीं सौम्यपणें करावयाचें, तें बाहेरच्यानें तिखट करून केलें, असें आम्ही त्या प्रकरणाकडे पाहतों. त्याच मंडळांतील ग. त्र्यं. माडखोलकर पुढें नागपुरास आले, १९४४ पासून ‘तरुण भारत’चे संपादक झाले आणि टीकाकार म्हणूनही गाजले. चहाच्या त्या बैठकींतून टीकाकार निघूं शकला, हें विसरतां कामा नये. मित्रमंडळ आणि टीका यांचें वैर जन्मजात नाहीं. तें आपण भिडेपोटीं निर्माण करितों.

ऑनलाइन साधनांमुळें या भिडेस नवें बळ मिळतें, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. मंडळ निघालें कीं पहिल्याच दिवशीं त्याचा व्हॉट्सॲपवर गट होतो. मग पुस्तकाच्या मुखपृष्ठाचें छायाचित्र येतें, त्यास अंगठे मिळतात. कोणी लेखकाचा जन्मदिवस कळवितो, त्यास पुष्पगुच्छ मिळतात. सकाळचीं सुभाषितें येतात. पंधरा दिवसांत त्या गटावर शेंकडों निरोप जमतात आणि पुस्तकाचें पान मात्र विसाव्यापुढें गेलेलें नसतें. पुस्तकाविषयीं बोलणें म्हणजे पुस्तक वाचणें असा भ्रम या साधनाइतका दुसऱ्या कशानेंही होत नाहीं. अंगठा दाखविणाऱ्यास अमुक वाक्य आवडलें कीं नुसता मित्र आवडला, हें कळण्यास मार्ग नाहीं. मतास शब्द लागतात आणि शब्दांस कारण लागतें. चिन्हांनीं भागूं लागलें कीं दोहोंची गरज संपते.

याच साधनाचा दुसरा दोष नीतीचा आहे. ‘पुस्तक कोणाकडे पीडीएफमध्यें आहे काय?’ हा प्रश्न अशा गटांत फार लवकर उपस्थित होतो, आणि कोणीतरी उदार मित्र तें पाठवितोही. या औदार्यास दुसऱ्याच्या खिशांतून केलेला दानधर्म म्हणतात. आपल्या कायद्याप्रमाणें लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षेंपर्यंत ग्रंथावर त्याच्या वारसांचा हक्क असतो. लक्ष्मीबाई टिळक १९३६ सालीं वारल्या. त्यांनीं लिहिलेलें ‘स्मृतिचित्रां’चें मूळ आज कोणीही निर्धास्तपणें वाचावें व वाटावें. पण हयात लेखकाचें पुस्तक चोरून वांटणें आणि मग त्याच्या थोरवीवर दीड तास बोलणें, यांतली विसंगति शाळकरी मुलासही समजावी. मराठींत साधारण पुस्तकाची आवृत्ति हजाराच्या आसपास प्रतींची निघते. दहा मित्रांनीं दहा प्रती विकत घेतल्या तर त्या आवृत्तीचा शंभरावा हिस्सा एका मंडळानें उचलला असें होतें. वाङ्मयावरील प्रेमाचा याहून सोपा पुरावा आम्हांस ठाऊक नाहीं. ज्यांस प्रत घेणें परवडत नसेल त्यांच्यासाठीं १९६७ च्या कायद्यानें मान्यता मिळालेलीं सार्वजनिक ग्रंथालयें आहेत. तेथील कपाटें उघडलीं जाणें हेंही मंडळाचें यशच होय.

एवढे दोष असतांही आम्ही या योजनेच्या बाजूचे आहों. तें कां, हें एका पुस्तकाच्या उदाहरणानें सांगतों. महेश एलकुंचवार यांचें ‘वाडा चिरेबंदी’ हें नाटक १९८५ सालीं रंगभूमीवर आलें. विदर्भांतील एका खेड्यांतल्या देशपांड्यांच्या वाड्यांत तात्याजी वारले आहेत. थोरला भास्कर घरीं राहिला आहे. सुधीर मुंबईस नोकरी करणारा, तो पत्नीसह येतो. तेराव्या दिवसाच्या जेवणावळीचा खर्च कोणीं व कसा करावयाचा, घराण्याची इभ्रत राखावयाची कीं पोट, यावरून वाड्याच्या भिंतींतली प्रत्येक भेग दिसूं लागते. अंगणांत निकामी ट्रॅक्टर गंजत पडला आहे. शिक्षणाची इच्छा मारून घरांत बसविलेली बहीण प्रभा आहे. आणि जिला दिवसरात्रीचें भान उरलें नाहीं अशी दादी आहे.

हें नाटक एकट्यानें वाचलें तर वाचक आपली बाजू मुकाट्यानें निवडतो आणि आपण ती निवडली हेंही त्याच्या ध्यानांत येत नाहीं. गांवीं राहिलेल्यास भास्कराचा राग समजतो. शहरांत गेलेल्यास सुधीराची अडचण समजते. आतां बेशाच्या मंडळाची कल्पना करा. त्यांत कांहीं माणसें आईबापांजवळ राहिलेलीं आहेत, कांहीं दूरदेशीं गेलेलीं आहेत. प्रत्येकानें एकेक पात्र घेऊन दुसरा अंक मोठ्यानें वाचावा, आणि त्यांतही अमेरिकेंतील मित्रानें भास्कर व्हावें व बेशाच्या मित्रानें सुधीर व्हावें. जें वाक्य परक्याचें म्हणून आपण सोडून दिलें असतें, तें आपल्याच तोंडून निघतांना निराळें ऐकूं येईल. त्यानंतर ‘वाडा पडावा कीं राखावा’ या वादांत जे मतभेद निघतील, ते नाटकाबद्दलचे असतील आणि त्याच वेळीं त्या मित्रांच्या आयुष्याबद्दलचेही असतील. वर्षानुवर्षें एकमेकांस शुभेच्छा पाठविणारीं माणसें ज्या गोष्टीवर कधींच बोललीं नसतात, ती गोष्ट नाटकाच्या आडून बोलतां येते. पांगलेल्या मित्रांना एका पडद्यावर आणणारें साधन येथें केवळ सोय राहत नाहीं; त्या नाटकाचा विषयच त्याच्या द्वारें बैठकींत हजर होतो.

प्रभेची आठवण आणखी एका कारणासाठीं ठेवावी. दिवाणखान्यांतल्या बैठकींत घरची बाई बहुधा चहाचा तबक घेऊनच आंत येते. पडद्यावरच्या बैठकींत तिला स्वतःची चौकट मिळते. पण वेळ रात्रीं ८ ची ठरविली, तर ती चौकट पोळ्यांच्या वेळेंतच सांपडून रिकामी राहील. वेळ कोणाच्या सोयीनें ठरते यावरून मंडळ कोणासाठीं आहे हें कळतें.

आतां मित्रांस आमच्या सूचना थोडक्यांत. सभासद दहांहून अधिक नसावे. दीड तासाच्या बैठकींत दहा माणसांस प्रत्येकीं ९ मिनिटें येतात. पंचवीस झालीं तर ४ सुद्धां येत नाहींत, आणि मग दोन वाचाळ बोलतात व बाकीचे ऐकतात. पुस्तक एकच असावें व तें सर्वांनीं संपविलेलें असावें. न संपविणारानें ऐकण्यास खुशाल यावें, पण बोलूं नये. बैठकीपूर्वीं प्रत्येकानें आपलें मत दहा ओळींत लिहून ठेवावें, म्हणजे पहिला बोलणारा काय म्हणतो यावर बाकीच्यांचीं मतें वाहवणार नाहींत. बैठकीचा आरंभ पुस्तकांतील दोन पानें मोठ्यानें वाचून करावा. आणि सर्वांत महत्त्वाचें हें कीं, दर महिन्यास एका सभासदावर पूर्वपक्ष मांडण्याचें काम सोंपवावें. त्यानें पुस्तकाविरुद्ध जें म्हणतां येईल तें प्रामाणिकपणें, पान दाखवून म्हणावें. नेमून दिलेलें काम असल्यामुळें त्यास भीड पडणार नाहीं, व ऐकणारास राग येणार नाहीं. पाळी फिरत राहिल्यानें कोणी कायमचा खाष्टही ठरणार नाहीं.

शियाळी रंगनाथन यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचीं जीं पांच सूत्रें सांगितलीं, त्यांत प्रत्येक वाचकास त्याचें पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकास त्याचा वाचक मिळावा, अशीं दोन आहेत. ग्रंथालय इथपर्यंतचें काम करूं शकतें. त्यापुढें प्रत्येक वाचकास त्याच्याशीं वाद घालणारा एक मित्र मिळावा, हें काम ग्रंथालयाच्या आवांक्याबाहेरचें आहे. तें मित्रांनींच केलें पाहिजे. बेशाच्या मंडळानें पहिल्या वर्षीं बारा पुस्तकें वाचलीं कीं पांच, याची चौकशी आम्ही करणार नाहीं. त्यांपैकीं एकाही पुस्तकावर दोन जुन्या मित्रांचें खरोखर बिनसलें आणि तरी पुढच्या महिन्यांत ते दोघेही वेळेवर हजर झाले असें कळलें, तर मंडळ उत्तम चाललें आहे असें आम्ही समजूं.